पोळ्याच्या आदल्या दिवशी

९ सप्टेंबर १९४२ हा बुधवार होता आणि दुसऱ्या दिवशी श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा होता. नंदुरबारच्या बालहुतात्म्यांची हकिगत खानदेशातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते, मीही अनेक वर्गांना ती सांगत आले. पण त्या वर्षाचे पंचांग समोर घेऊन बसल्यावर ही एक ओळ दिसली आणि तो सगळा दिवस डोळ्यांपुढे निराळाच उभा राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे काय चाललेले असते हे वेगळे सांगायला नको. बैल नदीवर नेऊन धुवायचे, संध्याकाळी हळद आणि तूप लावून त्यांची खांदेमळणी करायची, माळ्यावरच्या झुली आणि गोंडे काढून झटकायचे, शिंगांसाठी हिंगूळ आणायचा, आणि स्वयंपाकघरात खापरावरच्या मांड्यांसाठी पुरणाची डाळ निवडून ठेवायची. अशा गडबडीच्या दिवशी नंदुरबारात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण घरी परतले नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतून बाजाराला आलेली माणसे गोंडे आणि घुंगरांबरोबर ती बातमीही घेऊन गेली असतील.

कुमारवयाच्या वाचकांसाठी मी सध्या जी ऐतिहासिक कादंबरी लिहिते आहे तिचा आरंभ पंचांगातल्या त्या ओळीपासून झाला. मुलांसाठी लिहिलेल्या बऱ्याच चरित्रांत नायक पहिल्या वाक्यात झेंडा हाती घेतो, दुसऱ्या वाक्यात गोळ्या झेलतो आणि तिसऱ्या वाक्यात अमर होतो. या तीन वाक्यांत अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला पाय ठेवायलाही जागा मिळत नाही. तो नमस्कार करतो आणि पान उलटतो. याउलट पोळ्याचे बैल त्याच्या ओळखीचे असतात, उद्या सुट्टी आहे हा आनंद त्याच्या ओळखीचा असतो, आणि मित्र बोलावतो आहे पण आई जाऊ नको म्हणते आहे, ही ओढाताण तर त्याच्या रोजच्या ओळखीची असते. युद्धाच्या काळातले धैर्य मुलांना सांगायचे असेल तर ते मैत्रीच्या बाजूने सांगावे लागते, असे माझे ठाम मत आहे. हौतात्म्यापुढे मूल नतमस्तक होईल. पण मित्राची साथ धरण्यासाठी लागणारे धैर्य त्याला आपले वाटेल, कारण त्याची गरज त्याला शाळेच्या मैदानावरही पडते.

मूळ घटना थोडक्यात अशी. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पुढाऱ्यांना अटक झाली आणि 'चले जाव'चे लोण महिन्याभरात आपल्या भागात सर्वत्र पोहोचले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचे ठाणे धुळ्याला होते. शिरीषकुमार मेहता याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावे वर्ष पुरे व्हायला अजून साडेतीन महिने बाकी होते. (इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात निवर्तले ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी. इतिहासासाठी आयुष्य वेचलेला माणूस जिल्ह्याच्या एका गावात शेवटचे दिवस मोजत असताना दुसऱ्या गावात हे मूल जन्माला आले, ही जुळणी मला नेहमी अंतर्मुख करते.) त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे चौघे गेले. 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं' ही शिरीषकुमारची घोषणा गुजराती होती, कारण ती त्याची घरची भाषा होती. पोलिसांनी मिरवणुकीतल्या मुलींच्या दिशेने बंदुका रोखल्या तेव्हा 'मारायचेच तर मला मारा' असे म्हणून तो पुढे झाला, असे सांगितले जाते.

ही पाच नावे मी वर्गात नेहमी एकत्र वाचून दाखवते. गुजराती बोलणाऱ्या घरांतली मुले आणि एक केतकर. आणि भोवती अहिराणी बोलणारी, भिली बोलणारी, उर्दू बोलणारी माणसे. सुरतेहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे गावातून जात होती, पेठ व्यापाराची होती, आणि एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांच्या घरी निरनिराळ्या भाषा बोलल्या जात होत्या. त्या काळच्या नंदुरबारात मैत्री म्हणजे काय असेल हे समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात केली पाहिजे, असे मला वाटते. एका नावाभोवती प्रभावळ काढली की उरलेली चार नावे आणि त्यांच्यामागचे गाव त्या उजेडात दिसेनासे होते.

कल्पित लेखन करणाऱ्यापुढे मोठा प्रश्न असतो तो हा की, किती रचायचे आणि कुठे थांबायचे. मी स्वतःपुरता एक नियम घातला आहे. या पाच जणांच्या तोंडी मी माझ्या मनाचे एकही वाक्य घालणार नाही. ते कादंबरीत दिसतील, मिरवणुकीच्या पुढच्या भागात, थोड्या अंतरावर. त्यांचा आवाज ऐकू येईल तो एवढ्या घोषणेपुरताच. खऱ्या माणसाच्या मृत्यूपूर्वीच्या क्षणी त्याच्या मनात काय आले हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि मुलांना तर ते मुळीच सांगू नये, कारण मुले छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवतात आणि तो विश्वास आपल्याकडे ठेव म्हणून दिलेला असतो. जी मुले मी रचली ती त्या मिरवणुकीच्या शेपटाकडची आहेत. एक तेल्याचा मुलगा, एक पोलीस हवालदाराचा मुलगा, आणि तेल्याच्या मुलाची थोरली बहीण. दोघे मुलगे एका वर्गात, एका बाकावर. नदीवर बैल धुवायलाही दोघे बरोबर. हवालदाराच्या घरी बैल नाहीत, म्हणून पोळ्याला तो दरवर्षी मित्राचा एक बैल आपला मानतो.

हे पहिले प्रकरण मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या मुलांना वाचून दाखवले. मिरवणुकीत जायचे की नाही यावर त्या दोन मुलांचे बोलणे होते तिथे मी थांबले आणि काही विचारायचे का म्हणून पाहिले. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, त्याले भ्याव नही वाटनं का?" मी म्हटले, कोणाला? तर म्हणाली, दोघांनाही. तिच्या शेजारच्या मुलाला त्याहून वेगळे विचारायचे होते. "मंग तो पोलिसना पोऱ्या कोना बाजूले व्हता?" एवढे बोलून तो उत्तरासाठी माझ्याकडे असा रोखून पाहत राहिला, की तो प्रश्न त्याच्या घरचाच असावा. वर्गात आणखीही प्रश्न आले, बैलांची नावे काय, बंदूक कशी असते, असे. पण हे दोन प्रश्न मी वहीत लिहून घेतले आणि तेव्हापासून माझे सगळे लिखाण त्यांच्या भोवतीच चालले आहे.

भीतीचा प्रश्न आधी घेते. शूर माणसाला भीती वाटत नाही असे मुलांना सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ज्या मुलाला अंधारात परसात जायला भीती वाटते ते मूल मग मनाशी ठरवून टाकते की शौर्य हे आपले काम नव्हे. त्याला हे कळायला हवे की पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, घोषणा देताना आवाज चिरकतो, आणि हे सगळे होत असतानाही माणूस मित्राच्या शेजारी उभा राहू शकतो. माझ्या कादंबरीतली बहीण मिरवणुकीत जाते तेव्हा तिच्या तळहाताला इतका घाम आलेला असतो की झेंड्याची काठी निसटते, आणि ती पदराला हात पुसून काठी पुन्हा धरते. त्या वर्गातल्या मुलींनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावले.

युद्धातल्या मैत्रीच्या गोष्टी जगभरच्या मुलांसाठी लिहिल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या ज्या टिकल्या त्यांच्यात लढाई सहसा पानाच्या कडेला असते. डेन्मार्कचे उदाहरण घ्यावे. १९४० साली जर्मनीने तो देश व्यापला आणि १९४३ च्या ऑक्टोबरात तिथल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली. तेव्हा सामान्य डॅनिश लोकांनी सुमारे सात हजार ज्यूंना आपल्या घरांत, दवाखान्यांत, चर्चमध्ये लपवले आणि मासेमारीच्या होड्यांतून खाडीपलीकडे स्वीडनला पोहोचवले. यात बंदुकीचे काम जवळजवळ नव्हते. दार उघडणे, विचारले तर सहज आवाजात खोटे सांगणे, आपल्या ताटातले अर्धे दुसऱ्याला देणे आणि नंतर कुठेही न बोलणे, एवढेच होते. आणि हे प्रत्येक काम मूल करू शकते. खानदेशातल्या भूमिगत चळवळीची जी वर्णने मी ऐकली आणि वाचली त्यांतही मला हेच दिसते. पत्रके दप्तरातून नेणे, अनोळखी पाहुण्याला मामा म्हणून हाक मारणे, गावात पोलीस आले की कुणालाही काहीही माहीत नसणे.

याचा विचार करूनच मी कादंबरीचा दुसरा भाग चिमठाण्याकडे नेला. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे लोक त्यात होते, इकडून डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हात होता, आणि सुमारे साडेपाच लाख रुपये हाती लागले. ही हकिगत मुलांना भुरळ पाडणारी आहे. मोटार अडवणे, झटापट, पसार होणे, सगळे तीत आहे. मला मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत जास्त रस आहे. बाहेरची माणसे या मुलखात राहून गेली, जेवली, झोपली, वाटा विचारून गेली. ते पाहणारी मुले असणारच. ती मुले काय करत होती, कोणाला काय सांगत होती आणि काय गिळून टाकत होती, याची नोंद कुठल्याही कागदात होणे शक्य नव्हते, आणि जिथे नोंद नाही पण माणूस होता हे नक्की आहे, तीच कादंबरीची हक्काची जमीन आहे.

ती जमीन मोकळी असली तरी तिच्या बांधांवरचे दगड हलवता येत नाहीत. १९४२ मधला झेंडा चरख्याचा होता. अशोकचक्र आले ते २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज ठरला तेव्हा. तरीही मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांत नंदुरबारच्या मिरवणुकीवर अशोकचक्र फडकताना मी पाहिले आहे. 'जय हिंद' ही घोषणा आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती आझाद हिंद सेनेमुळे, ४२ नंतर. म्हणून माझी मुले 'वंदे मातरम्' म्हणतात आणि 'करेंगे या मरेंगे' म्हणतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, म्हणून माझ्या गोष्टीतला हवालदार कलेक्टरसाहेबांचे नाव काढताना धुळ्याकडे हात करतो.

महायुद्ध आपल्या गावांत बंदुकीच्या आवाजाने आले नाही, ते घासलेटाच्या बाटलीतून आले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारे तेल आणि तांदूळ बंद झाले. तांदळाची झळ बाजरी आणि कळण्याच्या भाकरीवर जगणाऱ्या खानदेशाला कोकणाइतकी लागली नसेल, पण घासलेटाची लागली. रॉकेलचा दिवा किती वेळ जाळायचा हा प्रत्येक घरातला प्रश्न झाला, आणि माझ्या कादंबरीतल्या तेल्याच्या घाण्याला अचानक जुना मान परत आला, कारण लोक पुन्हा तेलाच्या पणत्या लावू लागले. पैशांचेही असेच. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती, एक रुपयाची नोट परत सुरू झाली होती, आणि जुने चांदीचे रुपये लोक गाडग्यात दडवून ठेवत होते. पुढे तर सुट्या नाण्यांचीच टंचाई झाली. मध्ये भोक असलेला तांब्याचा पैसा आला तो १९४३ मध्ये. म्हणून ४२ च्या पोळ्याला माझी मुले गोंड्यांसाठी जो पैसा मोजतात तो अखंड आहे, आणि ४४ च्या एप्रिलमध्ये त्याच मुलाच्या करगोट्यात भोकाचा पैसा ओवलेला आहे. माझी आजी असे पैसे दोऱ्यात ओवून ठेवत असे, ती माळ मी लहानपणी हाताळली आहे. कडा झिजलेल्या होत्या आणि बोटाला तांब्याचा वास लागत असे. वाचणाऱ्या मुलाला या फरकाची जाणीव होणार नाही, तरी तो बरोबर असलाच पाहिजे. जगातल्या एवढ्या मोठ्या युद्धाने नाण्याला भोक पाडले हे मूल एक दिवस स्वतःहून ताडेल, अशी मला आशा आहे.

मला आणखी मागे, १८५८ पर्यंत जायची इच्छा आहे, पण तिथे माझा हात थांबतो. खाज्या नाईक हा आधी इंग्रजांच्या चाकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा भिल्ल नाईक. ५७ मध्ये त्याच घाटावर त्याने त्यांची वाट रोखली आणि खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला मोठी लढाई झाली आणि भिल्ल स्त्रियाही तीत होत्या. तिथली मुलेही डोंगरात आपल्या आयांबरोबर असणार. पण ४२ ची निदान पाच नावे आपण वाचू शकतो. आंबापाण्याच्या मुलांचे काहीच हाती नाही, आणि जे कागद आहेत ते त्यांच्यावर चाल करून गेलेल्यांनी लिहिलेले आहेत. शिवाय ती गोष्ट कोणत्या बोलीत सांगायची? धुळ्यात वाढलेल्या माझ्यासारखीने त्या मुलाच्या मनात शिरणे हे धाडसाचे होईल की आगाऊपणाचे, याचा निर्णय मी अजून करू शकलेले नाही. ती कादंबरी सातपुड्यातल्या एखाद्या मुलीने मोठी होऊन लिहावी, आणि मी ती माझ्या वर्गात वाचावी, हे मला अधिक योग्य वाटते.

मृत्यूविषयी मुलांशी कसे बोलावे हा यातला अतिशय अवघड भाग. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतः हाताने लिहून काढत, आणि दूरच्या देशांतल्या घडामोडीही मुलांशी बरोबरीने बोलावे तसे त्यांच्यापुढे मांडत, ही गोष्ट मी लिहायला बसण्यापूर्वी स्वतःला आठवून देते. बरोबरीने बोलायचे तर गोळीबाराचे प्रकरण गाळता येत नाही आणि ते रंगवताही येत नाही. मी ते बहिणीच्या नजरेतून लिहिले. तिला आवाज ऐकू येतो, गर्दी उलटी फिरते, तिच्या पायातली एक वहाण जाते, आणि पुढे काय झाले ते तिला तासाभराने, कुणाच्या तरी ओट्यावर, दुसऱ्यांच्या तोंडून कळते. जे तिने पाहिले नाही ते वाचकानेही पाहू नये. मात्र त्या ओट्यावरची शांतता मी पूर्ण दोन पाने चालू ठेवली आहे, कारण बातमी कळण्याच्या आधीचा तो वेळ कुठल्याही काळातल्या मुलाला ठाऊक असतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, पोलिसना पोऱ्या कोना बाजूले व्हता. या प्रश्नाचे सोपे उत्तर देता आले असते. हवालदार बंदूक टाकून देतो, मुलगा बापाविरुद्ध उभा राहतो, मित्र मित्राला मिठी मारतो. मी ते लिहिले नाही. माझ्या गोष्टीतला हवालदार त्या दिवशी चौकात होता आणि त्याने काय केले हे तो घरी कधीच सांगत नाही. पोळ्याच्या सकाळी मुलगा मित्राच्या दारी जातो, बैलाजवळ उभा राहतो, आणि मित्र त्याच्याशी बोलत नाही. अख्खा पोळा तसाच जातो. ते दोघे परत बोलू लागतात ते बऱ्याच महिन्यांनी, घाण्यावर, एका फारच क्षुल्लक निमित्ताने; आणि दीड वर्षाने, चिमठाण्यानंतर, आपल्या घरी ऐकलेली एक बातमी हवालदाराचा मुलगा मित्राच्या घरी पोहोचवतो. असे करून तो बापाचा घात करतो की मित्राला वाचवतो, हे दोन्ही खरे आहे, आणि दोन्हीचे ओझे त्याच्या वयाच्या मुलाला पेलते असे मी मानते. एका जाणकार स्नेह्यांनी सुचवले की हा भाग कापावा, मुलांना इतकी गुंतागुंत नको. सहावीच्या वर्गाने मला त्याच्या उलट सांगितले आहे, आणि मी वर्गाचे ऐकणार आहे.

राहिलेल्या प्रकरणांसाठी मला मदत हवी आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, शिंदखेडा, साक्री या भागांत ज्यांच्या घरी नव्वदीच्या पुढची माणसे आहेत त्यांनी त्यांना काही साध्या गोष्टी विचारून मला कळवाव्यात. युद्धाच्या वर्षांत घासलेट कुठून मिळे आणि कोणाच्या ओळखीने. शाळेत लिहायला कागद होता की पाटीवरच भागत असे. पोलिसांच्या मुलांशी बाकीची मुले खेळत का. आणि ४४ च्या उन्हाळ्यात चिमठाण्याच्या बाजूला गावात कोणी पाहुणे येऊन राहिल्याचे त्यांना आठवते का. मोठ्या घटनांची वर्णने पुस्तकांत मिळतील, ती नकोत. बैलाचे नाव आठवत असेल तर तेवढे जरूर लिहावे.